औषध ठेवणार कुठे? रस्त्यावर राहणाऱ्या माणसांपर्यंत रोजची आरोग्यसेवा पोहोचवताना

रक्तदाबाची गोळी रोज सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. पाणी भरपूर प्यायचं. पाय उशीवर उंच ठेवून झोपायचं. पंधरा दिवसांनी केसपेपर घेऊन दाखवायला यायचं. कुठल्याही दवाखान्यात रोज सांगितल्या जाणाऱ्या या चार सूचनांत एक अख्खं घर गृहीत धरलेलं असतं: ठरल्या वेळेचा नाश्ता, पिण्याच्या पाण्याचा नळ, जवळचा संडास, पलंग, उशी, कागद ठेवायला कपाट, तारीख बघायला कॅलेंडर. घर नसलेल्या माणसाला यातलं फार थोडं पाळता येतं. मग केसपेपरवर शेरा पडतो, 'रुग्ण सहकार्य करत नाही'.

हा लेख या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही डॉक्टर किंवा परिचारिका असाल, नाहीतर आठवड्यातून दोन तास काढू शकणारे साधे कार्यकर्ते. औषधं वाटणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. उपचार त्या माणसाच्या दिवसात बसवणं आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच जागी हजर असणं, मेहनत लागते ती इथे.

ही मेहनत का, याचा एक आकडा पुरे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ साली मरण पावलेल्या बेघर माणसांचं सरासरी वय पुरुषांत ४५ आणि स्त्रियांत ४३ वर्षं होतं. तिथल्याच एकूण लोकसंख्येत ते ७६ आणि ८१ होतं.

१. आधी रिकाम्या हाताने फिरा

पहिले काही आठवडे औषधाची पिशवी नेऊ नका. पिशवी दिसली की गर्दी होते, गर्दी झाली की सगळ्यात आजारी माणूस मागे राहतो, कारण तो उठूनच येऊ शकत नाही. नुसतं फिरा आणि तिथलं वेळापत्रक समजून घ्या. कोण पहाटे कामाच्या शोधात निघतं, जेवण कुठे आणि किती वाजता मिळतं, पाणी कुठून आणतात, संडास रात्री बंद होतो का, सामान कोणाच्या भरवशावर ठेवतात. यातलं काहीच विचारायला फॉर्म लागत नाही. फॉर्म घेऊन गेलात तर खरी उत्तरं मिळणारही नाहीत.

बोलताना उभं राहून खाली बघू नका. परवानगी घ्या आणि खाली बसा. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, आणि आपण पोलीस किंवा पालिकेचे नाही हेही स्पष्ट सांगा. झोपलेल्या माणसाला उगाच उठवू नका. रात्रभर जागून सामान राखल्यावर दिवसा मिळालेली ती झोप असते. श्वास नीट चालू आहे ना, एवढं लांबून बघून पुढे जा. शंका आली तर मात्र बिनदिक्कत उठवा. फोटो काढायचे नाहीत. देणगीदारांना दाखवायलाही नाहीत.

मग एक जागा, एक वार आणि एक वेळ ठरवा. पाच ठिकाणी अधूनमधून जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर मंगळवारी संध्याकाळी सहाला जाणं कितीतरी उपयोगाचं. ज्याला पत्ता नाही त्याच्या दृष्टीने तुमची वेळ हाच दवाखान्याचा पत्ता असतो.

२. ज्याने हे भोगलंय तो सोबतीला हवा

पिट्सबर्गमध्ये १९९२ साली डॉक्टर जिम विदर्स रात्री रस्त्यावर फिरून उपचार करू लागले, तेव्हा त्यांच्यासोबत पूर्वी स्वतः बेघर राहिलेला एक जण असायचा. विदर्स मळके कपडे घालून जात, या गोष्टीचंच लोकांना जास्त कौतुक वाटतं. माझ्या मते कपडे दुय्यम. दार उघडलं ते त्या सोबत्यामुळे. कोण कुठे लपून राहतं, कोणाशी आज बोलू नये, कोणाचा पाय गेले चार दिवस सुजलाय, हे त्यालाच ठाऊक असतं. असा माणूस मिळाला तर त्याला मानधन द्या. डॉक्टरला मानधन आणि त्याला नुसते धन्यवाद, असा भेद करू नका.

एकट्याने कधी जायचं नाही. गटात किमान एक स्त्री असावी. आणि जे वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाहीत त्यांनी स्वतःच्या मनाने गोळ्या द्यायच्या नाहीत, अँटिबायोटिक तर मुळीच नाही. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू चिवट होतात आणि खरा आजार झाकला जातो.

३. पायांपासून सुरुवात करा

बॉस्टनमध्ये १९८५ साली बेघरांसाठीच्या आरोग्यसेवेत डॉक्टर जिम ओकॉनेल दाखल झाले. निवाऱ्यातल्या दवाखान्यात बार्बरा मॅकिनिस नावाच्या अनुभवी परिचारिकेने त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि लोकांचे पाय पाण्यात भिजवून धुवायला बसवलं. या कामाची इतकी चांगली पहिली तालीम दुसरी नाही. पाय धुताना तुम्ही खाली बसलेले असता आणि समोरचा वर. शिवाय घाई करता येत नाही, आणि त्या वेळात माणूस छातीतल्या दुखण्याबद्दल आपणहून बोलतो.

'दादा, पाय बघू का जरा?' एवढंच विचारायचं. हो म्हणाला तर मोजा हळू काढा, चिकटला असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने ओला करून सोडवा. पाणी किती गरम आहे ते आपल्या कोपराने तपासा, त्याच्या पायाने नाही. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल तर त्याला चटका कळतच नाही. धुऊन झालं की बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. घाई नेमकी तिथे होते. मग तळवा, टाच, नखांच्या कडा आणि घोटा बघा. बुटात अडकलेला खडा, खिळ्याचं भोक, घट्ट बुटाने उठलेला फोड, काहीही असू शकतं. दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहिलेला पाय पांढरट, सुरकुतलेला आणि बधिर होतो. त्याला ऊब, कोरडेपणा आणि विश्रांती लागते. चोळायचं नाही.

कोरड्या मोज्यांची जोडी कायम जवळ ठेवा. मोजे ही या कामातली सगळ्यात जास्त खपणारी वस्तू. त्याखालोखाल स्वच्छ गॉज, सलाईन, चिकटपट्टी, नेलकटर, हातमोजे.

त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायची लक्षणं पाठ करून ठेवा: काळा पडलेला भाग, घाण वास, वर सरकत जाणारी लाली, ताप, एकाच पायाला अचानक आलेली सूज, मधुमेह असलेल्याच्या पायावरची कोणतीही उघडी जखम. 'पुढच्या मंगळवारी बघू' हे यातल्या एकालाही लागू नाही.

४. चिठ्ठी लिहिली जाण्याआधी विचारायचे प्रश्न

तुम्ही डॉक्टर असाल तर हे प्रश्न तुम्हीच विचारा. कार्यकर्ते असाल तर डॉक्टरांना आठवण करून द्या.

औषध कुठे ठेवणार? खिशात ठेवलं तर घामाने भिजतं, पिशवीत ठेवलं तर पिशवीबरोबर चोरीला जातं. म्हणून महिनाभराची औषधं एकदम देण्यापेक्षा आठवड्याची द्या. तुम्ही दर आठवड्याला येणारच आहात. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या, सुट्या काढून डबीत भरू नका. स्ट्रिप कापावी लागली तर औषधाचं नाव आणि मुदत असलेला तुकडा त्याच्याकडे राहील असं बघा. हरवली तर रागावणार नाही, लगेच सांगा, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर हरवलेल्या गोळ्यांच्या भीतीने माणूस यायचाच बंद होतो.

जेवण कधी मिळतं? 'दोन वेळा जेवणानंतर' लिहिणं सोपं असतं. पण इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्या आणि जेवण मिळालंच नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. जेवण चुकलं तर डोस घ्यायचा, कमी करायचा की टाळायचा, हे डॉक्टरांकडून साध्या शब्दांत लिहून घ्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं, म्हणजे रस्त्यावर शक्य नाही. ते जवळच्या दवाखान्यात, निवाऱ्यात किंवा औषधाच्या दुकानात ठेवण्याची बोलणी तुम्हालाच करावी लागतील. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण कडक उन्हात नाही.

संडास कुठे आहे? रक्तदाबासाठी किंवा पायाच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि मुतारी रात्री बंद असली, तर तो ती गोळी टाकून देणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकली असती. औषध बदलता येतं किंवा त्याची वेळ बदलता येते, पण डॉक्टरांना अडचण कळली तर.

गुंगी येते का? उघड्यावर गाढ झोपणं म्हणजे चोरीला आणि हल्ल्याला आमंत्रण, बाईसाठी तर दुप्पट. मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करण्यामागे कित्येकदा एवढंच साधं कारण असतं. यातली काही औषधं शरीराची उष्णता सहन करण्याची ताकदही कमी करतात, आणि लिथियमवर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांसाठी दिल्या जाणाऱ्या औषधावर) असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं तर ते औषध रक्तात वाढून विषारी ठरू शकतं. उन्हाळा सुरू होण्याआधी अशा प्रत्येकाची औषधं डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या.

या सगळ्यातून एक सरळ विनंती निघते. दिवसातून एकदाच घ्यायचं, फ्रिज न लागणारं, गुंगी न आणणारं औषध असेल तर ते द्या. दरवेळी ते मिळतं असं नाही, पण विचारलं नाही तर कधीच मिळत नाही.

५. कागद

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा या दोन अडथळ्यांवर निम्मी माणसं खिडकीवरूनच परत फिरतात, असं मला वाटत आलंय. तुमच्या भागातला नियम आधी स्वतः नीट वाचा. खिडकीवरचा माणूस सांगतो तो आणि लिहिलेला नियम वेगळा असू शकतो. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवायला ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही, तरी लोकांना परत पाठवलं जायचं. म्हणून तिथे हा हक्क छापलेलं छोटं कार्ड बेघरांच्या हातात देण्यात आलं. लिखित नियमाची प्रत खिशात ठेवा आणि आवाज न चढवता पुढे करा.

प्रत्येकासाठी एक आरोग्यकार्ड करा. जाड कागद, चार घड्या, पाणी न शिरणारी प्लास्टिकची पिशवी. त्यात नाव, कोणत्या औषधाची ॲलर्जी, चालू औषधं, मोठे आजार, पुढची तारीख. त्याची परवानगी असेल तर त्या कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा, कारण कागद हरवणारच. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांपैकी काही कार्डावर लिहायचं की नाही, हे मात्र त्याने ठरवायचं. ते कार्ड निवाऱ्यातला शेजारीही वाचू शकतो.

तुमच्या वहीतही कोण नेमकं कुठे झोपतं ते उघड लिहू नका. वही हरवते, कोणी मागूही शकतं. आणि 'तुम्हाला इथून हलवलं तर मी कुठे शोधू?' हा प्रश्न पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा. रातोरात वस्ती उठवली जाते तेव्हा सामानाबरोबर औषधं जातात, आणि सहा महिन्यांचा क्षयरोगाचा कोर्स चौथ्या महिन्यात तुटतो.

६. दवाखान्यात सोबत जा

चिठ्ठी देऊन पाठवणं आणि सोबत जाणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लंडनमधली ग्राउंडस्वेल ही संस्था २०१० पासून हेच करते: स्वतः बेघर राहिलेली माणसं दुसऱ्या बेघरांना दवाखान्यात घेऊन जातात.

निघायच्या आधीची तयारी जास्त महत्त्वाची. सामान कोण राखणार, कुत्रा असेल तर तो कोणाकडे, त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर दुसरी वेळ मिळेल का, दवाखान्यात उशीर झाला तर जेवणाची रांग किंवा निवाऱ्याचं दार चुकणार तर नाही? 'आला नाही' असा शेरा पडतो त्यामागे बहुतेकदा यातलंच काहीतरी असतं. आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करा. लांब रांगेत तीन तास बसणं त्याला जमणार नसेल तर तसं सांगा. सकाळचा पहिला नंबर मागितला तर पुष्कळदा मिळतो.

आत गेल्यावर डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलू लागतील. तुम्ही त्याच्याकडे बघा, म्हणजे डॉक्टरांची नजरही तिकडे वळते. त्याच्या वतीने बोलू नका. तो विसरला तर 'काका, ते रात्रीचं दुखणं सांगायचं होतं ना?' एवढी आठवण करा. बाहेर आल्यावर पाच मिनिटं बसून काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐका. कोणी अपमान केला असेल तर त्यावर पांघरूण घालू नका. झालं ते चुकीचं झालं असं म्हणा आणि तक्रार करायची का ते त्याला विचारा.

७. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

भरती झालेल्या माणसाची खरी परीक्षा डिस्चार्जनंतर सुरू होते. टाके घातलेला माणूस संध्याकाळी पुन्हा धुळीत झोपला तर आठवडाभराचं काम वाया गेलं. डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर धावपळ करून काही होत नाही. भरती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या परिचारिकेला किंवा समाजसेवा विभागाला सांगून ठेवा की याला घर नाही. ड्रेसिंग कोण बदलणार, औषधं हातात मिळणार की बाहेरून घ्यायची, आणि कुठे जाणार, हे तीन प्रश्न आदल्या दिवशी सुटलेले असले पाहिजेत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये २००९ साली सुरू झालेल्या पाथवे या बेघर रुग्णांसाठीच्या उपक्रमाचा गाभा हाच: भरती असतानाच एक गट बेघर रुग्णाकडे जातो आणि पुढची सोय लावतो. बॉस्टनमध्ये रुग्णालयात ठेवण्याइतके आजारी नाहीत पण रस्त्यावर पाठवण्याइतके बरेही नाहीत, अशांसाठी वेगळं केंद्र आहे. त्याला बार्बरा मॅकिनिसचंच नाव दिलंय. तुमच्याकडे असं केंद्र नसेल तर एखाद्या निवाऱ्यात दोन खाटा दिवसाही झोपता येईल अशा राखून मिळतात का, तेवढं तरी विचारा. कित्येक निवारे सकाळी सगळ्यांना बाहेर काढतात, अगदी टाके असलेल्यालाही.

८. 'पिऊन पडलाय' म्हणण्याआधी

या एका वाक्याने माणसं मरतात. साखर उतरली तरी माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, अंगावर येतो. डोक्याला मार लागला तरी तसंच. थंडीने शरीर गारठलं की आधी कापरं भरतं, मग ते थांबतं आणि जीभ जड होते. दिसायला सगळं दारूसारखंच, आणि दारूचा वास येत असला तरी यातलं काही सोबत असू शकतं.

शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखर किंवा गोड पेय द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. उन्हाने अंग तापून भ्रम झाला असेल तर वाहनाची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. गारठलेल्याचे ओले कपडे काढा, त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये जाड काहीतरी घाला, हातपाय चोळू नका. श्वास अगदी मंद आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर अफूजन्य पदार्थाचा अतिडोस असू शकतो. नॅलॉक्सोन (हा परिणाम उलटवणारं औषध) उपलब्ध असेल तर ते वापरायचं प्रशिक्षण गटातल्या प्रत्येकाने घ्यावं.

दारूबद्दल एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याला 'आजपासून सोड' असं कधीही सांगू नका. अचानक थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत जिवावर बेतणारा भ्रम होऊ शकतो. सोडायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

९. खोकला आणि खाज

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे क्षयरोगाची तपासणी, इतका साधा नियम पुरतो. लंडनमध्ये २००५ पासून एक्स-रेची गाडीच निवाऱ्यांच्या दारात नेली जाते. गाडी तुमच्याकडे नसेल, पण थुंकीचा नमुना नेऊन पोहोचवणं जमण्यासारखं आहे.

खरजेत एकट्याला मलम देऊन उपयोग नाही. जवळजवळ झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायचं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साधारण आठवड्याने पुन्हा. कपडे उकळायची सोय कुठून असणार? ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. तेवढ्या दिवसांसाठी बदली कपडे मात्र तुम्हाला आणावे लागतील.

१०. बायकांशी वेगळं बोला

वेगळं म्हणजे बाजूला, आणि बोलणारी बाईच असावी. नवरा किंवा 'सोबती' शेजारी उभा असताना खरं उत्तर मिळत नाही. रात्री संडासाला जायची भीती वाटते म्हणून कित्येकजणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीला वारंवार होणारी जळजळ तिथून सुरू होते. तिला 'पाणी जास्त पी' सांगण्याआधी रात्री उघडा असणारा, उजेडातला संडास शोधा. पॅड देताना ते टाकायची पिशवीही द्या. पाळी चुकली असेल तर तपासणी, पुढे काय करायचं याचा तिचा निर्णय आणि गर्भनिरोधनाची माहिती, हे सगळं कुठल्या केंद्रात अपमान न होता मिळतं, ते आधी स्वतः जाऊन बघून या.

११. नकार आला तर, आणि तुम्ही थांबणार असाल तर

'नको' म्हटलं की थांबायचं. मोजे ठेवून पुढे जायचं, पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारायचं. कोणी भ्रमात बोलत असेल तर वाद घालू नका आणि होला होही करू नका. झोप लागते का, भीती वाटते का, एवढं विचारा. जीव धोक्यात आहे आणि स्वतःचं भलं-बुरं समजण्याच्या स्थितीत तो नाही असं वाटलं, तर निर्णय एकट्याने न घेता डॉक्टरांना तिथे बोलवा.

घर मिळवून देणं या लेखाच्या कक्षेबाहेरचं असलं तरी घरांच्या योजनांचे अर्ज पिशवीत असू द्या. आधी व्यसन सोड, मग घर देऊ, ही अट न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ साली उलटी केली: आधी घर, मग उपचार. त्यातली बहुसंख्य माणसं घरात टिकली.

आणि कधीतरी तुम्हाला हे काम थांबवावं लागेल. नोकरी बदलते, घरी कोणी आजारी पडतं. महिनाभर आधी सगळ्यांना सांगा. तुमच्या जागी येणाऱ्याला किमान तीन फेऱ्या सोबत फिरवा आणि प्रत्येकाशी नावानिशी ओळख करून द्या. वही सोपवताना पहिल्या पानावर तीन याद्या लिहा: कोणाचा कोर्स अर्धा राहिलाय, कोणाची तारीख लागलीय, आणि कोणाचं इन्सुलिन कुठे ठेवलंय.